पालथा ग्लास

संघातल्या कुणाला साधी सर्दी झाली, तरी मामांना विचारल्याशिवाय ती बरी व्हायला धजत नसे, असा त्यांचा दरारा. वास्तविक मामा डॉक्टर नव्हते. काचेच्या बाटल्या-ग्लासांच्या कारखान्यात एक छोटा दवाखाना होता, तिथले ते कंपाउंडर. भाजलेल्याला मलम, कापलेल्याला पट्टी आणि खोटं दुखणं घेऊन आलेल्याला सगळ्यात कडू औषध, एवढाच त्यांचा कारभार. पण कारखान्याने फुटबॉलचा संघ काढला तेव्हा मालिशीला आणि मलमपट्टीला कुणीतरी हवं होतं. मामा दवाखान्यातले, म्हणून ते आपसूक संघाचे डॉक्टर होऊन बसले.

संघ मोडून चाळीस वर्षं झाली. कारखान्याचं धुराडंसुद्धा कधीच पाडून टाकलं. तरी कुणाचा रिपोर्ट आला की तो आधी मामांच्या हातात जायचा. चष्मा कपाळावर चढवून, कागद हातभर लांब धरून मामा तो वाचायचे आणि "हं" म्हणायचे. त्यांच्या "हं"वर माणसाला झोप लागायची, नाहीतर उडायची. अर्ध्या रिपोर्टांतलं मामांना ओ की ठो कळत नसे, पण "मला माहीत नाही" हे वाक्य त्यांनी आयुष्यात कुणाला ऐकवलं नव्हतं. लोक इतक्या विश्वासाने विचारत होते, मग त्यांना नाराज कशाला करायचं?

तर त्या दिवशी कप्तानाला घेऊन मामा मोठ्या दवाखान्यात गेले होते. संघाचा हा जुना कप्तान आता चौसष्ट वर्षांचा. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याआधी रक्त तपासलं, तर त्यात भलतंच काही निघालं आणि त्याला लिव्हरच्या डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. टेबलावर तपकिरी रंगाचं प्लास्टिकचं लिव्हर होतं. कप्तानाने आल्या आल्या ते उचलून पाहिलं.

"पेपरवेट समजलो मी," तो म्हणाला.

बाई हसल्या. मग त्यांनी रिपोर्ट पुढे ओढला. "तुम्हाला हिपॅटायटिस सी आहे. हा विषाणू रक्तातून येतो आणि लिव्हरमध्ये मुक्काम करतो. वीस वर्षं, तीस वर्षं माणसाला पत्ता लागत नाही. आत हळूहळू लिव्हर कडक होत जातं."

"पण मी तर ठणठणीत आहे."

"तेच तर. ज्यांना लागण होते त्यातल्या थोड्यांचा आपोआप जातो. बाकीच्यांचा राहतो. राहिलेल्यांपैकी काहींचं लिव्हर पार निकामी होतं, पोटात पाणी साचतं, रक्ताच्या उलट्या होतात. कुणाचं तीस वर्षांत, कुणाचं पंधरा-वीस वर्षांतसुद्धा. दारू पिणाऱ्याचं लवकर होतं, पण थेंबही न घेणाऱ्याचं होत नाही असं नाही."

मामा शेजारच्या खुर्चीत होते. पोटात पाणी आणि रक्ताच्या उलट्या हे शब्द ऐकले आणि त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला.

"आता आठवून सांगा," बाई म्हणाल्या. "कधी रक्त चढवलं होतं? गोंदवून घेतलंय? नशेची सुई वगैरे?"

"अहो बाई!" कप्तान खुर्चीत ताठ झाला. "मी कप्तान होतो संघाचा. नशा? विचारा मामांना."

बाईंनी मामांकडे पाहिलं. मामांनी मान हलवली. नाही, नशा नाही. यात खोटं काही नव्हतं. पण जे सांगायला हवं होतं ते जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि तिथूनच मागे फिरलं.

"असो. पुष्कळांना कुठून आला ते शेवटपर्यंत कळत नाही," बाई म्हणाल्या. "आणि चांगली बातमी ऐका. आता यावर गोळ्या आहेत. रोज घ्यायच्या, तीन महिने. शंभरातले पंचाण्णवाच्या वर लोक बरे होतात, विषाणू नाहीसा होतो. लिव्हर किती खराब झालंय ते आधी तपासू. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने हा पसरत नाही. पण रक्ताचा संबंध आला असेल अशा प्रत्येकाने तपासून घ्यायला हवं. जितकं लवकर तितकं बरं."

बाहेर आल्यावर कप्तान शीळ घालत होता. तीन महिन्यांच्या गोळ्या म्हणजे त्याला शिट्टी वाजून खेळ संपल्यासारखंच वाटलं. "मामा, तुमचा चेहरा का उतरला?" त्याने विचारलं. "आजारी मी आहे ना?"

घरी आल्यावर मामांनी कपाट उघडलं. लोकरीच्या कपड्यांच्या मागे, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली स्टीलची पेटी होती. लेकीने स्वयंपाकघरातून हाक मारली, "बाबा, जेवण गार होतंय." "आलो," मामा म्हणाले आणि पलंगावर बसून राहिले.

पेटीत काचेची सिरिंज होती, दोन सुया होत्या आणि सुयांना धार लावायचा बोटाएवढा दगड होता. तेव्हा सुई फेकायची पद्धत नव्हती. बोथट झाली की घासायची. मोठ्या सामन्याच्या आधी कपडे बदलायच्या खोलीत पोरं बाह्या वर करून रांगेत उभी राहायची आणि मामा एकेकाला ताकदीचं लाल औषध टोचायचे. एक टोचला की सुई स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, पुढचा दंड. रांगेत आज हा पुढे, उद्या तो. फक्त गोलकीपर कायम शेवटी. त्याला सगळे "भिंत" म्हणायचे. भिंत हातमोजे काढायला वेळ लावायचा आणि म्हणायचा, "आधी पळणाऱ्यांना द्या मामा, मला काय, उभंच राहायचंय."

गंमत अशी, की मामांनी स्वतः ते औषध एकदाही घेतलं नव्हतं. सुई टोचून घ्यायला ते भलतेच घाबरत. पोरं त्यावरून त्यांना चिडवायची. त्या भित्रेपणाने आज त्यांचं रक्त साफ होतं, आणि ही गोष्ट त्यांना त्या संध्याकाळी फार लाजिरवाणी वाटली.

तेव्हा कुणाला काय माहीत होतं, असं मामा स्वतःला सांगू पाहत होते. त्या विषाणूला तर अजून नावही मिळालं नव्हतं. पण मनाला ते पटेना, कारण अगदीच माहीत नव्हतं असंही नाही. कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर दहादा बजावायचे: प्रत्येक माणसाला सिरिंज पुन्हा उकळायची, नुसती पुसायची नाही. तिथे डॉक्टरांची नजर असायची, म्हणून मामा उकळायचे. कपडे बदलायच्या खोलीत मात्र शेगडी नव्हती आणि शिट्टीला पंधरा मिनिटं असायची. सकाळी घरून एकदा उकळून आणली की झालं. शिवाय ती आपलीच पोरं! एका बाटलीतून पाणी पिणारी, एका टॉवेलाने तोंड पुसणारी. संघाला अभिमानच होता त्याचा. एखाद्याने वेगळी बाटली आणली तर बाकीचे त्याला "साहेब" म्हणून पिडायचे. अशा घरच्या पोरांना दर वेळी वेगळी सुई काढून परकं कशाला करायचं, असं मामांना मनापासून वाटायचं.

आणि मग भिंत आजारी पडला. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, जेमतेम चाळिशीतला माणूस. पोट मडक्यासारखं फुगलं, डोळे पिवळे झाले, एके सकाळी रक्ताची उलटी झाली. त्या काळी तिथल्या दवाखान्यात या विषाणूची तपासणीच नव्हती. लिव्हर गेलं एवढं कळलं, आणि लिव्हर दारूने जातं एवढं सगळ्या गावाला ठाऊक होतं. भिंत शपथेवर सांगायचा की मी घेत नाही. कोण ऐकतो?

त्याची बायको लाँड्रीत इस्त्री करायची. संघ तिला वहिनी म्हणायचा. दवाखान्याच्या दारात तिने मामांना गाठलं होतं. "मामा, तुम्ही यातले आहात. खरं सांगा, हा चोरून पितो का?"

मामांना माहीत नव्हतं. त्यांनी भिंतीला कधी पिताना पाहिलं नव्हतं. पण ते कपाळावरचा चष्मा खाली घेत म्हणाले होते, "वहिनी, मी दवाखान्यातला माणूस. लिव्हर असं उगाच जात नाही."

एवढं एकच वाक्य. भिंत त्यानंतर महिन्याभरात गेला.

त्यावरही कडी म्हणजे दर वर्षी एका रविवारी जुन्या क्लबच्या खोलीत संघ जमायचा, तिथली प्रथा. प्रत्येकापुढे आपल्याच कारखान्यातला एकेक ग्लास, आणि टेबलाच्या टोकाला भिंतीचा ग्लास पालथा घातलेला. पहिला घोट घेण्याआधी मामा त्या पालथ्या ग्लासावर बोटाने टकटक करून म्हणायचे, "भिंतीला आठवा आणि दोनवर थांबा." सगळे हसायचे. ही प्रथा मामांनीच काढली होती. या वर्षीचा रविवार आठवड्यावर आला होता.

दुसऱ्या दिवशी मामा कप्तानाच्या दुकानात गेले. कप्तान किल्ल्या बनवतो. कानशीने एक किल्ली घासत होता, मामा सगळं सांगेपर्यंत घासतच राहिला. किल्ली पार वाया गेली.

"लाल औषध," शेवटी तो म्हणाला. "बाईंनी विचारलं तेव्हा मला आठवलंच नाही. ते इंजेक्शन म्हणून मी कधी धरलंच नव्हतं." मग त्याने वाया गेलेली किल्ली डब्यात टाकली. "माझं जाऊ द्या. माझ्या गोळ्या सुरू होतील. आपल्यातले अजून हयात आहेत त्या बाकीच्या पाच जणांचं काय?"

"तपासून घ्यायला हवं सगळ्यांनी."

"मग सांगा तसं. रविवारी म्हणा, वय झालं, लिव्हरची तपासणी करून घ्या. तुमचा शब्द कुणी मोडत नाही. कशामुळे, ते कशाला उकरायचं? आपला तो पळणारा सुसाट, त्याचा स्वभाव माहीत आहे ना? तो तुमची हाडं मोडेल."

मामांचा जीव भांड्यात पडला. खरंच, किती सोपं! पोरं तपासतील, ज्यांच्यात निघेल ते बरे होतील, आणि मामा मामाच राहतील. कुणाचं काही नुकसान नाही. ते उठले, दाराशी गेले आणि तिथे थबकले.

"आणि भिंत?"

"भिंत गेला मामा. त्याला आता कसली तपासणी?"

कप्तान वाईट बोलला नाही. तो बिचारा मामांना वाचवायला बघत होता. पण परतताना मामांच्या डोक्यात तो पालथा ग्लास टकटक करत राहिला. रविवारी लिव्हरचं सांगायचं, आणि त्याच तोंडाने त्या ग्लासावर बोट वाजवायचं? की यंदा गुपचूप तो ग्लास मांडायचाच नाही? सुटकेचा आनंद झाला होता, त्याची त्यांना शिसारी आली. पाय आपोआप लाँड्रीच्या गल्लीत वळले.

वहिनींचे केस आता पांढरे झाले होते, पण इस्त्रीचा हात तोच. शर्टावर पाणी शिंपायचं, कॉलर आधी, मग खांदे, मग बाह्या. त्यांनी मामांना स्टुलावर बसायला सांगितलं आणि काम चालू ठेवलं. मामांनी मान खाली घालून सांगितलं. सुई, रांग, स्पिरिटचा बोळा, विषाणू, कप्तानाचा रिपोर्ट. भिंत रांगेत नेहमी शेवटी उभा राहायचा, हेही सांगितलं. "नक्की कुणी सांगू शकणार नाही आता," ते म्हणाले. "पण मला शंका नाही. त्याला माझ्याकडून लागलं."

करपल्याचा वास आला. वहिनींनी इस्त्री उचलली. कुणाच्यातरी शर्टाच्या पाठीवर तपकिरी डाग पडला होता.

"म्हणजे तो खरं बोलत होता," त्या म्हणाल्या.

"हो."

"मामा, माझं नाक बघा कसं आहे. चाळीस वर्षं लोकांचे कपडे हाताळते. कुणी विडी ओढतो, कुणी घेतो, कुणाच्या घरात आजारपण आहे, मला कापडावरून कळतं. त्याचा प्रत्येक शर्ट हुंगला मी. रोज. कपाटं उचकली, गाद्यांखाली बघितलं. एकदाही काही मिळालं नाही. तरी मी म्हणायचे, असेल कुठेतरी लपवलेलं. दवाखान्यातली माणसं काय खोटं बोलतात?"

मामांनी वर पाहिलं नाही.

"शेवटच्या आठवड्यात मला म्हणाला, 'इकडे ये, माझं तोंड हुंग, आता तरी.' मी गेले नाही. म्हटलं, आता सगळीकडे औषधांचाच वास येतोय, काय हुंगायचं." वहिनींनी करपलेला शर्ट घडी घालायला घेतला, उलगडला, पुन्हा घातला. "मुलाने बापाचा फोटो लावला नाही घरात. मीच त्याला म्हणाले होते, नको लावूस."

मामांना वाटत होतं, त्यांनी ती इस्त्री फेकून मारावी. निदान चार शिव्या तरी घालाव्यात. वहिनींनी तसलं काही केलं नाही.

"रविवारी किती वाजता जमता?" त्यांनी विचारलं.

"चारला."

"येईन मी."

रविवारी चारला क्लबच्या खोलीत मामांखेरीज सहा म्हातारे जमले. सुसाट, एके काळचा वाऱ्यासारखा पळणारा, आता गुडघ्याला पट्टा बांधून, काठी टेकत आला होता. वहिनींना पाहून सगळे जरा गोंधळले. कुणीतरी घाईने पालथा ग्लास उचलायला गेला. "राहू दे तिथे," वहिनी म्हणाल्या आणि त्याच्याच समोर बसल्या.

मामा उभे राहिले. खिशातून ती स्टीलची पेटी काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि उघडली. मग त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर उकळायला सांगायचे आणि मी उकळलं नाही, हेसुद्धा. भिंत पीत नव्हता, ते पाप माझ्या सुईचं, हेसुद्धा.

मग सुसाटने काठी आपटली. "माझ्या मांडीवर दोन नाती खेळतात, मामा!"

"नातींना काही होत नाही त्याने," कप्तान म्हणाला. "मांडीवर बसल्याने पसरत नाही. बाईंनी मला स्पष्ट सांगितलंय. पण तू रक्त तपासून घे. मीसुद्धा घेतलंय. तीन महिन्यांच्या गोळ्या आहेत, संपलं." त्याने डॉक्टरीणबाईंच्या पत्त्याचे कागद सगळ्यांपुढे सरकवले.

सुसाट उठून खिडकीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. बाकीचे कागदाकडे बघत राहिले. जरा वेळाने एकजण खाकरला. "पण मामा, तेव्हा कुठे काय माहीत होतं कुणाला? सगळीकडे तसंच चालायचं."

"आणि आम्हीच घाई करायचो," दुसरा म्हणाला. "चला मामा, आटपा मामा."

"तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

खिडकीतून सुसाट वळला नाही, पण म्हणाला, "काळच तसा होता." रागातच म्हणाला, तरी म्हणाला.

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांनी त्यांच्या छातीवरचा दगड जरा हलला. ते खुर्चीत बसायला टेकले.

"सगळं सांगून झालं, मामा?" वहिनींनी विचारलं.

"हो, वहिनी."

"नाही. दवाखान्याच्या दारात मी तुम्हाला काय विचारलं होतं, आणि तुम्ही काय म्हणालात, ते राहिलं."

मामा अर्धवट बसलेले तसेच राहिले. लाँड्रीत त्यांनी सुईचं सगळं सांगितलं होतं, हे मात्र नाही. त्यांना वाटलं होतं, वहिनी विसरल्या असतील. वाटलं होतं म्हणण्यापेक्षा, तशी आशा धरली होती. ते पुन्हा उभे राहिले.

"त्यांनी विचारलं होतं, हा पितो का," मामा म्हणाले. "मी म्हणालो, मी दवाखान्यातला माणूस. लिव्हर असं उगाच जात नाही."

"तुम्ही त्याला पिताना पाहिलं होतंत?"

"नाही."

"कुणी तुम्हाला सांगितलं होतं?"

"नाही."

"मग का म्हणालात?"

मामांनी सगळ्यांकडे पाहिलं. आता तरी कुणीतरी म्हणेल, काळच तसा होता. कुणी म्हणेना. सुसाट खिडकीपासून वळून त्यांच्याकडे पाहत होता. कप्तानाने मान खाली घातली होती.

"तुम्ही विचारलंत," मामा म्हणाले. "आणि मला माहीत नाही, असं म्हणायची मला सवय नव्हती."

वहिनींनी मान हलवली. मग हात लांब करून त्यांनी तो पालथा ग्लास उचलला, सुलटा केला, सवयीने एकदा नाकाशी नेऊन हुंगला आणि त्यात पाणी ओतलं.